खंडेरावतात्यांची मिटवामिटवी

गंगापूर रोडवरच्या इमारती संपत आल्या की उजव्या हाताला नदीकडे एक रस्ता उतरतो. त्या रस्त्यावरच्या वस्तीला महापालिका शहर म्हणते आणि तिथली माणसं गाव म्हणतात. घरपट्टी शहराची आणि भांडणं गावाची, असा एकूण कारभार. ही भांडणं मिटवायचं काम गेली तीसेक वर्षं खंडेरावतात्यांकडे होतं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. निवडणुकीला ते कधी उभे राहिले नाहीत, आणि राहिले असते तर नक्की पडले असते, कारण मिटवामिटवी करणाऱ्यावर दोन्ही बाजू थोड्याथोड्या नाराज असतातच.

तात्यांचा स्वतःचा व्याप लहान. दोन एकर रान, त्यात मेथी, कोथिंबीर, कांदापात. माल मार्केटला न्यायचं काम आता मुलगा ज्ञानेश बघतो. तात्यांकडे उरली ओसरी. तिथे भांडणारे दोघे यायचे, एकमेकांकडे पाठ करून बसायचे, आणि तात्या त्यांना मनसोक्त बोलू द्यायचे. बोलून बोलून घसे कोरडे पडले की नवसाबाई, म्हणजे तात्यांच्या मंडळी, पाण्याचा तांब्या आणून ठेवायच्या. मग तात्या म्हणायचे, "थोडं तू सोड, थोडं तो सोडंल." शेवटी सगळे मिळून खंडोबाच्या देवळात जायचे. तिथे दोघांनी ओंजळीत भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून शपथ घ्यायची. देवळाबाहेर आल्यावर एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायचा. खंडेरावतात्यांनी मिटवलेलं भांडण पुन्हा उठत नाही, असं आसपासच्या चार गावांत म्हणत. तात्याही म्हणत, जरा जास्तच म्हणत.

ही खोड त्यांना वडिलांमुळे लागली. विहिरीतल्या एका हिश्श्यासाठी वडील भावकीशी कोर्टात भांडले, आणि ते भांडण वडिलांचा धंदाच होऊन बसलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वडील ती पायरी चढले आणि वरच राहिले. भाकरीचं फडकं हातात घेऊन लहानगा खंडू त्यांच्याबरोबर शहरात जायचा, वडाच्या झाडाखाली बसायचा, आणि पुढची तारीख घेऊन बापलेक चालत परत यायचे. वडील वारल्यावर निकाल लागला. बाजूने लागला. पण तोवर विहीर आटली होती. तेव्हापासून तात्यांनी ठरवलं की जगात भांडणापेक्षा वाईट काही नाही, आणि कसाही का होईना, ते मिटवणारा माणूस पुण्यवान. यातला 'कसाही का होईना' हा भाग त्यांनी पुढे कधी तपासून पाहिला नाही.

गावात संध्याकाळी बसायची जागा म्हणजे प्रफुल्लचं दुकान. खतं, औषधं, बियाणं, ठिबकच्या नळ्या, असं सगळं तिथे मिळतं. प्रफुल्लने हवामान आणि बाजारभाव कळावेत म्हणून भिंतीवर टीव्ही लावला. त्यावर बाजारभाव कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. रशियाने युक्रेनवर रणगाडे घातले त्या वर्षापासून मात्र तिथे रोज जगाचा निवाडा व्हायला लागला. माणसं मेथीची जुडी बांधता बांधता क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यावर बोलायची.

प्रफुल्ल चाळिशीचा, तरतरीत, मोबाइलवर जगभरचं वाचणारा. त्याचा पक्ष ठरलेला होता. अमेरिका आणि युरोप यांनी हात राखून मदत करणं बंद करावं. रणगाडे, विमानं, लांब पल्ल्याची अस्त्रं, जे मागतील ते युक्रेनला द्यावं आणि रशियाला त्याच्या हद्दीत ढकलावं.

"तात्या, बळी तो कान पिळी असंच चालू द्यायचं का जगात?" तो गल्ल्यावरून ओरडायचा. "आज ह्याचा कान पिळला, उद्या शेजारच्याचा पिळंल."

"पिळू द्या असं कोण म्हणतंय?" तात्या पोत्यावर बसूनच उत्तर द्यायचे. "पण तू इथं पंख्याखाली बसून रणगाडे द्या म्हणतो. त्या रणगाड्यात बसायचं कुणी? अमेरिकावाला बसतोय? युरोपवाला बसतोय? दुसऱ्याच्या पोरांच्या जिवावर हे पाटीलकी करणार."

"म्हणून काय त्यांना तसंच मरू द्यायचं?"

"मरू नये म्हणून तर मिटवा म्हणतो. अन् तुझ्या त्या युरोपचं तर बोलूच नको. एका हातानं त्याला बंदूक देतो अन् दुसऱ्या हातानं ह्याचाच गॅस घेतो. असं कुठं भांडण असतं का?"

"आपण पण तेल घेतोच की रशियाचं," कुणीतरी मागून म्हणायचं.

"आपण गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला भांडणात पडता येत नाय," असं तात्या म्हणायचे आणि सगळे हसायचे.

तसं पाहिलं तर दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, म्हणूनच हा वाद इतकी वर्षं टिकला. अणुबॉम्ब असलेल्या माणसाला कोपऱ्यात कोंडू नये, हे तात्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. कोपऱ्यात न कोंडलेला माणूस ओसरीवरून माजघरात येतो, हे प्रफुल्लचंही खोटं नव्हतं. ऐकणाऱ्यांनी दोन्ही ऐकावं, चहा प्यावा आणि घरी जावं. युक्रेन कुठे आहे हे नकाशावर दाखवा म्हटलं असतं तर दुकानात दोघे-तिघे सोडून बाकीच्यांची पंचाईत झाली असती, पण त्याने वादाचं काही अडत नव्हतं.

परवाच्या नोव्हेंबरात तहाच्या बोलण्यांची बातमी आली. युक्रेनने काही मुलूख सोडावा आणि लढाई थांबवावी, असं काहीसं अमेरिकेकडून पुढे आल्याचं टीव्हीवरचा माणूस घसा फोडून सांगत होता. तात्यांना तर आपलाच जाहीर सत्कार चालल्यासारखं वाटलं.

"बघ! आलं का शेवटी माझ्यावरच? एवढी माणसं मारून शेवटी काय, तर थोडं तू सोड."

"अन् तो काय सोडणार?" प्रफुल्लने विचारलं. "तात्या, चौदा साली क्रिमिया घेतला तेव्हाही सगळे हेच म्हणाले. जाऊ द्या, एवढ्यावर भागतंय तर भागू द्या. भागलं का? बावीस साली पुन्हा आलाच ना?"

"तेव्हाचे मिटवणारे कच्चे होते," तात्या म्हणाले. "मिटवायची पण रीत असते. कागदावर सह्या करून मिटत नसतं. माणसाच्या मनाला बांधून घ्यावं लागतं. आता आपल्या नवनाथचं अन् सिंधुबाईचंच बघ. बांधाचं भांडण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारी गोष्ट. भंडारा उचलायला लावला, झालं. उठलं का परत?"

दुकानातले सगळे इकडेतिकडे बघायला लागले. एकाने चहाच्या ग्लासात पाहिलं, एकाने चपला घातल्या. प्रफुल्ल काही बोलायला गेला, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून राहिला. तात्यांनी या सगळ्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला, आणि खुशीत घरी गेले.

नवनाथ आणि सिंधुबाई यांचं भांडण कोरोनाच्या आदल्या वर्षीचं. सिंधुबाईचं एक एकर रान आहे. नवरा गेल्यावर तिने त्यात फुलं लावली. झेंडू, शेवंती, गलांडा तोडायची आणि पाटी भरून शहरातल्या फूलबाजारात न्यायची. तिच्या शेजारी नवनाथचं पाच एकर आणि नवनाथचा ट्रॅक्टर. नवनाथ वाईट माणूस नाही, म्हणजे बोलायला-चालायला तर फारच गोड. दिसला की तात्यांच्या पाया पडतो, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात पंगतीत वाढायला पुढे असतो. फक्त त्याचा नांगर दरवर्षी बांधाला थोडा खेटून जायचा. होता होता दोन हात रुंदीची पट्टी तिकडे गेली. सिंधुबाई तात्यांच्या ओसरीवर आली आणि रडली.

तात्यांनी विचार केला. नवनाथला ट्रॅक्टर वळवायला जागा लागते. ही बाई एकटी, कोर्टात गेली तर फुलं तोडणार कोण? दोन हातांसाठी आयुष्य घालवायचं का? त्यांच्या डोळ्यांपुढे ते वडाचं झाड आलं. त्यांनी सिंधुबाईला समजावलं, की गेलं ते जाऊ दे, पुढचं तरी सुखाचं होईल. नवनाथनेही लगेच मान डोलवली. मग देवळात दोघांनी ओंजळीत भंडारा घेतला आणि तात्यांनी शपथ सांगितली, 'यापुढं बांधाचा विषय आम्ही दोघांपैकी कुणी काढणार नाही.' दोघांनी ती जशीच्या तशी म्हटली. तात्या त्या दिवशी जेवणात दोन भाकऱ्या जास्त खाऊन उठले.

दुकानातल्या त्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी चंपाषष्ठी होती. खंडोबाला झेंडूची तोरणं लागतात, म्हणून तात्या सकाळीच सिंधुबाईच्या रानात गेले. एरवी ज्ञानेश जायचा. कित्येक वर्षांत तात्यांचे पाय तिकडे वळले नव्हते, कारण मिटलेल्या भांडणाकडे बघायला कोण जातं?

बांधाच्या अलीकडे, सिंधुबाईच्या बाजूला, तिच्या नवऱ्याने हौसेने शेवग्याची तीन झाडं लावली होती. ती झाडं तात्यांना चांगली आठवत होती. आता ती झाडं नवनाथच्या नुकत्याच उगवलेल्या गव्हात उभी होती. तात्या थांबले. आधी त्यांना वाटलं, आपलीच काहीतरी चूक होतेय. मग त्यांनी पावलं टाकून पाहिली, मागे जाऊन पाहिलं, विहिरीच्या बाजूने पाहिलं. झाडं जागची हलली नव्हती. बांध चांगला दहा-बारा हात इकडे सरकला होता, आणि अगदी नवा, नीट थापलेला होता.

सिंधुबाई झेंडू तोडत होती. तिने तात्यांना पाहिलं आणि पाटी पुढे ओढली.

"किती फुलं देऊ, तात्या?"

"सिंधुबाई, तुझा शेवगा तिकडं कसा गेला?"

"तोरणाला झेंडू पुरंल, का शेवंती पण घालू?"

"अगं, मी काय विचारतोय?"

"मला नका विचारू तात्या." तिचे हात चालूच होते. "मी भंडारा उचललाय. तो विषय मला काढता येत नाय. तुम्हीच उचलायला लावला."

"कधीपासून हे?"

तिने तराजू उचलला. फुलं तोलली, पिशवीत भरली, वर एक जादा मूठ टाकली. मग म्हणाली, "शेंगा लागल्या की त्याच्या गड्याला विचारून तोडते. नाय म्हणत नाय तो. चांगला हाय."

तात्या पिशवी घेऊन घरी आले. नवसाबाई भरताची वांगी भाजत होत्या. तात्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता नवनाथवर चिडले. शपथ घेऊन माणूस असा कसा वागतो, खंडोबाची तरी भीती हवी की नको, असं बरंच बोलले.

"त्यानं कुठं शपथ मोडली?" नवसाबाई वांगं उलटवत म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुम्ही शपथ काय घातली? विषय काढायचा नाय. त्याला कुठं विषय काढायचा होता? त्याला रान पाहिजे होतं. बोलायचं होतं ते तिला. तिचं तोंड तेवढं तुम्ही बांधलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय."

"तुला हे आधीच ठाऊक होतं?"

"अख्ख्या गावाला ठाऊक हाय. तुम्हाला कोण सांगणार? तुमचं मिटलेलं भांडण परत उठत नाय ना!"

तात्या त्या दिवशी तळी भरायला उभे राहिले खरे, पण 'येळकोट' म्हणताना त्यांचा आवाज चढला नाही. त्यांना राग यायला हवा होता, पण आली ती लाज. वडिलांच्या भांडणातून ते शहाणपण शिकले, असं त्यांना सत्तरी गाठेपर्यंत वाटत होतं. खरं तर ते नुसती भीती शिकले होते, आणि ती त्यांनी गावभर शहाणपण म्हणून वाटली होती. हे त्यांना त्या दिवशी इतकं उघड दिसलं की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नवनाथकडे गेले. नवनाथ पाया पडला, खुर्ची दिली, आतून चहा मागवला.

"नवनाथ, बांध सरकलाय."

"तात्या," नवनाथ कळवळून म्हणाला, "विषय काढायचा नाय असं ठरलंय आपलं. देवासमोर ठरलंय. तुम्हीच काढायला लागले तर कसं व्हायचं?"

"माझी शपथ नव्हती. तुमची होती."

"बरं, बरं. नांगर हाय, होतं इकडंतिकडं. ड्रायव्हर नवीन होता मधी." त्याने बशी पुढे सरकवली. "तुमच्या शब्दाबाहेर हाय का मी? बोलवा सिंधुकाकूला. परत मिटवू. आता जे काय सरकलं असंल त्यातलं अर्धं सोडतो मी. अर्धं मी, अर्धं ती. तुम्ही म्हणाल तसं."

आता इथे तात्यांचं मन खरंच डळमळलं, हे सांगितलं पाहिजे. अर्धं परत मिळत होतं. भांडण नाही, कोर्ट नाही, आणि वर आपलं नाव राखलं जात होतं. तीस वर्षं हेच तर केलं. त्यांच्या तोंडात 'चालंल' हा शब्द आलाही होता. मग त्यांनी नवनाथच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा इतका निवांत होता, की आणखी पाच वर्षांनी उरलेल्या अर्ध्यासाठी आपण याच खुर्चीत बसलेले असू, आणि चहाही असाच गोड असेल, हे त्यांना स्पष्ट दिसलं. चहा तसाच ठेवून ते उठले.

शपथ सोडवायची गावात एक रीत आहे, पण ती वापरायची वेळ सहसा कुणावर येत नाही. ज्याने भंडारा उचलायला लावला त्यानेच तो पुन्हा देवाच्या पायांवर वाहायचा, आणि शपथ मोडल्याचा दोष स्वतःच्या माथी घेतो असं चारचौघांत बोलायचं. तात्यांनी रविवारी ते केलं. सिंधुबाई बाजूला उभी होती, नवसाबाई होत्या, आणि देवळाच्या पायऱ्यांवर बघायला बरीच मंडळी जमली होती. तात्यांनी दोष कपाळी घेतला आणि सिंधुबाईला सांगितलं, "आता तू मोकळी. मोजणीचा अर्ज कर. मी पंच म्हणून उभा राहतो."

पायऱ्यांवर लगेच कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा म्हणाला, "मग आमच्या पाटाच्या पाण्याचं काय? आम्ही पण तुमच्याच शब्दावर गप्प बसलोय." दुसऱ्याने भावाच्या वाटणीचं काढलं. तात्या म्हणाले, "ज्याला वाटतं त्यानं काढावं." तीस वर्षांचं नाव असं एका दुपारी गेलं. त्यांना वाईट वाटलं, फार वाटलं. ओसरीवर त्यानंतर माणसं आली ती भांडण मिटवायला नव्हे, मिटलेलं उकरायला आली.

सिंधुबाईने अर्ज केला. मोजणीची तारीख मिळाली, शेजारच्या खातेदारांना नोटिसा गेल्या. पंच दोन तरी हवेत, म्हणून तात्या प्रफुल्लच्या दुकानात गेले. त्यांना खात्री होती. रशियाला एक इंच देऊ नका म्हणणारा माणूस दहा-बारा हातांसाठी मागे कसा राहील?

प्रफुल्ल गल्ल्यावरून उठून बाहेर आला. त्याने तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"तात्या, तुम्ही जे केलं ना, त्याला तोड नाय. माझा पूर्ण पाठिंबा हाय तुम्हाला. पूर्ण."

"मग ये की गुरुवारी. सही करायची नुसती."

"तेवढं सोडून बोला." त्याने आवाज उतरवला. "नवनाथचं पाच एकराचं ठिबक माझ्याकडून. औषधं माझ्याकडून. त्याच्या तिन्ही मेहुण्यांचं सगळं माझ्याकडून. मी तिथं उभा राहिलो तर उद्या हे सगळे रस्त्यापलीकडच्या दुकानात जातील. मला उघड नाय पडता येत, तात्या. पण मी मदत करतो ना! खुणा करायला चुन्याची फक्की देतो, दोन पोती. दोर देतो. खुंट्या हव्या तेवढ्या न्या. अजून काही लागलं तर फक्त फोन करा."

तात्या त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. प्रफुल्ल गोंधळला, मग तोही कसनुसा हसला. त्याला शरम वाटली असावी, कारण गुरुवारी सकाळी दोनाच्या ऐवजी तीन पोती फक्की सिंधुबाईच्या रानात येऊन पडली होती. आणणारा रिक्षावाला म्हणाला, कुणी पाठवलं ते सांगू नका म्हणालेत. दुसरा पंच म्हणून शेवटी तो पाटाच्या पाण्याचा म्हातारा आला, तोसुद्धा पुढे आपल्या मोजणीला तात्यांनी यावं या बोलीवर.

मोजणीला सरकारी माणूस आला तेव्हा गहू ओंबीवर होता. रस्त्याच्या कडेला माणसं दाटीने उभी होती. नवनाथ आपल्या मेहुण्यांना घेऊन आला, पण आवाज चढवला नाही. मोजणीवाल्यालाही त्याने पाणी विचारलं. तिपाईवर यंत्र लागलं, गड्याने इकडेतिकडे धावून निशाण धरलं, आणि दुपारपर्यंत फक्कीची पांढरी रेघ गव्हातून पुढे सरकत गेली. ती शेवग्यापाशी थांबली नाही. झाडांच्याही पलीकडे दोन हात गेली, म्हणजे नवनाथचा नांगर खेटायला लागण्याआधी जिथे मूळ बांध होता तिथे.

तेव्हा नवनाथ पुढे आला.

"साहेब, तुमचं मशीन बरोबर असंल. शेवग्याच्या अलीकडचं काय ते बघू आपण, मी नाय म्हणत नाय. पण झाडांपलीकडचे हे दोन हात माझे हायेत. भांडण झालं होतं, गावानं मिटवलं, काकूंनी कबूल केलं, अन् तात्यांनी मला दिले. देवासमोर दिले. तात्या इथंच उभे हायेत, विचारा त्यांना."

मोजणीवाला घामाघूम झाला होता. त्याने तात्यांकडे पाहिलं. "काका, आपसात समजूत झाली असेल तर तसं सांगा. मी वहिवाट म्हणून नोंद करतो, वाद तेवढाच कमी होईल."

सगळे तात्यांकडे बघायला लागले. रस्त्यावरची माणसंही बघत होती. बरंच मिळालं होतं. शेवगा परत आला होता, दहा-बारा हात आले होते. राहता राहिले दोन हात, आणि ते दिले तर तात्यांची एक जुनी मिटवणी तरी खरी ठरत होती. आताच्या आता सगळे चहाला जाऊ शकले असते.

"बोला तात्या," नवनाथ म्हणाला. "तुम्ही दिलं का नाय मला? खोटं नका बोलू."

"दिलं," तात्या म्हणाले. "खरं हाय. मीच दिलं."

नवनाथने मोजणीवाल्याकडे वळून पाहिलं.

"पण ते माझं नव्हतं," तात्या म्हणाले.

नवनाथ काहीतरी बोलणार होता, पण त्याच्याआधी सिंधुबाईने तोंड उघडलं. कोरोनाच्या आदल्या वर्षापासून ती या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. आता ती बोलायला लागली ती पहिल्या नांगरापासून. कोणत्या साली किती गेलं, कोणत्या वाफ्यातली शेवंती ट्रॅक्टरखाली गेली, कोण कोण रस्त्याने जात होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं करून गेलं, एकेकाचं नाव घेऊन. रस्त्यावरची माणसं मागे सरकायला लागली. मोजणीवाला खुंटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग ती तात्यांकडे वळली. मी रडत आले होते तुमच्या ओसरीवर, ती म्हणाली, आणि तुम्ही मला गप्प बसायची शपथ घातली. तुमचं काय जात होतं? तिने आवाज खाली आणला नाही, आणि 'तात्या' म्हणायची थांबली नाही. तात्यांनी टोपी काढून हातात धरली आणि तिचं पुरं होईपर्यंत उन्हात उभे राहून ऐकून घेतलं.